पेटीतली काळी गोळी

९ फेब्रुवारी

माननीय मास्टर महोदय,

आपल्या लॉजच्या सेक्रेटरींच्या सहीने पाठवलेली नोटीस मिळाली. "मतदानात आपण कोणती गोळी टाकली याचा खुलासा पुढील मासिक सभेत सर्वांसमोर करावा, अन्यथा आपले सभासदत्व रद्द करण्यात येईल." दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं, त्याच्यासमोरच वाचली आणि मोठ्याने हसलो. त्या बिचाऱ्याला वाटलं, त्याने घातलेल्या नव्या फ्रेमला हसतोय. फ्रेम काढून ठेवली आणि तोंड फुगवून निघून गेला. तेव्हा एक गिऱ्हाईक तुमच्यापायी गेलं, याची नोंद असू द्या.

खुलासा पुढीलप्रमाणे: मी खुलासा करणार नाही.

आता महोदय-बिहोदय पुरे झालं. उंटा, आपण फ्रीमेसन झालो, या बंधुमंडळात आलो, तो दिवस आठव. डोळ्यांवर पट्टी बांधून आपल्या दोघांना एकाच दारातून आत नेलं होतं. तुझी मान त्या दिवशीही ताठ होती, म्हणून चौकटीवर कपाळ आपटून घेतलंस. त्यानंतर जे काही शिकवलं गेलं त्यातलं बरंचसं मी विसरलो असेन, पण एक गोष्ट पक्की डोक्यात आहे. नव्या माणसाला घ्यायचं की नाही, हे पेटी ठरवते. पेटीच्या तोंडात हात घालायचा, आतल्या वाटीतून काळी किंवा पांढरी गोळी उचलायची, मागच्या भोकात सोडायची. एक जरी काळी निघाली तरी माणूस बाहेर. आणि कुणी कोणती टाकली हे कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. मास्टरनेही नाही. मास्टरने तर नाहीच नाही.

आणि तू विचारलंस. तुझ्या मुलाचं नाव आलं होतं, म्हणून विचारलंस.

त्या संध्याकाळी काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, पण मी सांगणार आहे, कारण तू फक्त शेवट लक्षात ठेवला आहेस. पेटी सगळ्यांपुढून फिरली. रिवाजाप्रमाणे आधी तू उघडून पाहिलीस आणि वखारीत ओंडके उतरवून घेताना लावतोस त्या आवाजात म्हणालास, "सगळ्या पांढऱ्या." दोघातिघांचे चेहरे फुलले सुद्धा. मग तुझ्यानंतर पाहायचा मान दातांच्या डॉक्टरचा. तो वाकला, पुन्हा वाकला आणि हळूच म्हणाला, "मास्टर, एक काळी आहे."

तू परत पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. सेक्रेटरी तुझ्या कानाशी लागला, की एकच काळी असेल तर हात चुकला असेल असं धरून दुसरी फेरी घेता येते. नियमातच आहे ते. तू म्हणालास, "माझ्या लॉजमध्ये हात चुकत नाहीत." एवढ्या एका वाक्याने सगळा घोळ झाला, उंटा. तुझ्या नाकावर माशी बसू द्यायची नाही, म्हणून.

मग जेवणाच्या टेबलावर तू एकेकाला उभं केलंस. दातवाला म्हणाला पांढरी. सेक्रेटरी म्हणाला पांढरी. आपला बेकरीवाला, जो दाराबाहेर तलवार घेऊन पहारा देतो आणि मतदानापुरता आत येतो, तोही मान खाली घालून म्हणाला पांढरी. सगळ्यांनी नियम मोडला, कारण तू मोडायला लावलास. माझ्यापाशी आलास तेव्हा माझ्या तोंडात घास होता. तो नीट चावून गिळला आणि मग म्हणालो, "हे विचारायचा अधिकार तुला नाही."

"मग कळलं," तू म्हणालास.

काही कळलं नाही तुला. तुझी ती नोटीस चष्म्याच्या काचा पुसायला ठेवली आहे. कागद खरखरीत आहे, त्याचाही उपयोग नाही.

तुझाच,
भिंग

१६ फेब्रुवारी

उंटा,

उत्तर नाही. ठीक आहे. हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरांत, जाड टोकाच्या पेनाने लिहितो आहे. का, ते विचारू नकोस. माझा कागद, माझी शाई.

तुझ्या नोटिशीचा परिणाम उत्तम झाला आहे. दातवाला समोरून येत होता, मला पाहून औषधाच्या दुकानात शिरला. मी बाहेर थांबलो. किती वेळ औषधं घेईल? शेवटी खोकल्याची बाटली घेऊन बाहेर आला आणि मी विचारलं, "खोकला कधीपासून?" तर लाल झाला. सेक्रेटरीने चष्मा दुरुस्तीला टाकला होता तो नोकराकडून मागवून घेतला, तसाच, एका काडीचा. आता एका कानावर चष्मा अडकवून लॉजचा कारभार बघतो आहे. बेकरीवाला मात्र रोजच्यासारखा पाव देतो, फक्त नजर देत नाही.

घरी बायकोने मला फैलावर घेतलं. "या वयात दोन म्हाताऱ्यांनी गोट्यांवरून भांडायचं? पांढरी म्हणा आणि मोकळे व्हा." मी म्हटलं, त्या गोट्या नाहीत. ती म्हणाली, "मग काय आहेत?" आणि उत्तराची वाट न बघता ती जिंकल्यासारखी आत गेली. अख्खी दुपार विचार करून मी तिला सांगितलं, की ज्या खोलीत वकील आणि बेकरीवाला, दातवाला आणि मी, अंगावर एकच पांढरा ॲप्रन बांधून एका बाकावर बसतो, तिथे प्रत्येकाला एक जागा हवी जिथे त्याला कुणाचं भय नाही. ती जागा म्हणजे त्या पेटीचं तोंड. तिथे त्याचा हात एकटा असतो. ती म्हणाली, "हे त्याला सांगा." तेच करतो आहे.

आता माझ्यावरच्या आरोपाकडे येतो, कारण तू तो तोंडाने करत नाहीस आणि गावभर बाकीचे करताहेत. तुझ्या मुलाने वखारीचा पुढचा भाग चष्म्यांच्या त्या झगमगीत कंपनीला भाड्याने दिला. माझ्या दुकानाच्या अगदी समोर. आता त्यांचे दिवे माझ्या काउंटरवर पडतात आणि माझ्या फ्रेम मला त्यांच्या उजेडात विकाव्या लागतात. मी चिडलो का? चिडलो. भर रस्त्यात उभं राहून त्याला नाही नाही ते बोललो का? बोललो. "तुला बघून घेईन" असं म्हणालो का? म्हणालो, आणि चार दुकानदारांनी ऐकलं. पण उंटा, तू मला शाळेपासून ओळखतोस. मला जे करायचं असतं ते मी रस्त्यावर ओरडून करतो. तुझ्या पोराचा मी दुस्वास केला असता तर भर सभेत उठून म्हणालो असतो, की हा मला नको. अंधारात हात घालून काटा काढणारा माणूस मी आहे, असं तुला खरंच वाटतं?

वाटत असेल तर हे पत्र इथेच फाड.

फाडलं नसशील तर एक हिशेब कर. त्या टेबलावर माझ्याशिवाय सगळे पांढरी म्हणाले, तूही म्हणालास. पेटीत काळी होती. तुझ्या डोक्यात दोनच शक्यता आल्या: एक तर कुणीतरी खोटं बोललं, नाहीतर जो बोलला नाही त्याने, म्हणजे मी, ती टाकली. तिसरी शक्यता तू धरलीच नाहीस. ती कोणती, हे मी लिहिणार नाही.

आणखी एक. त्या गोळ्या आपल्या आजोबांच्या वेळच्या आहेत. हस्तिदंती पांढऱ्या आता पिवळट-तपकिरी पडल्या आहेत आणि काळ्या घासून राखाडी. मी मागे सुचवलं होतं, की काळ्या चौकोनी करून घेऊ, इतर लॉजमध्ये असतात तशा, म्हणजे बोटांना कळेल. तू म्हणालास, "ज्याला बोटांनी ओळखावं लागतं त्याने मत देऊ नये." टाळ्या पडल्या होत्या तुझ्या त्या वाक्याला. मीही वाजवली होती एक.

भिंग

२ मार्च

उंटा,

काल तू दुकानात आलास. इतक्या दिवसांनी तुझी काठी पायरीवर वाजली आणि मी हातातला स्क्रू खाली पाडला, अजून सापडलेला नाही. आता काल काय झालं ते लिहितो. तू होतासच, पण सगळं तुला माहीत नाही.

तू आत आल्या आल्या म्हणालास, की शेवटचं विचारायला आलो आहे, मित्र म्हणून. मी म्हणालो, मित्र म्हणून विचार, मित्र म्हणूनच सांगणार नाही. चहा आला. तू कप उचलताना आधी बशीच्या कडेवर बोट फिरवलंस आणि मग कपाचा कान धरलास. ते मी पाहिलं. पाहायचंच काम आहे माझं.

तेव्हा मी म्हणालो, बसलाच आहेस तर डोळे तपासू. तू म्हणालास, "माझे डोळे सागाचे आहेत." मी म्हणालो, मग सागाला वाळवी लागली का ते पाहू. तू हसलास. खूप दिवसांनी हसलास म्हणून मला बरं वाटलं, आणि मग तू त्या खुर्चीत बसलास, समोरच्या भिंतीकडे मान केलीस आणि मी काही म्हणायच्या आत वाचायला सुरुवात केलीस. वर मोठा क. खाली र आणि ल. त्याखाली त, ग, म. अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत, न अडखळता. लॉजमधले मंत्र म्हणतोस तसं. "झालं समाधान?" म्हणालास. उठून कोट झटकलास आणि गेलास.

तेव्हा माझ्याच्याने सांगवलं नाही. आता लिहितो.

तो अक्षरांचा तक्ता मी नव्या वर्षात काढून टाकला. कितीतरी वर्षं तू रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून चहा प्यायलास, तुला तो पाठ झाला, यात काही आश्चर्य नाही. आपल्या लॉजमध्ये पाठांतर तुझ्याइतकं कुणाचं आहे? पण आता त्या भिंतीवर अक्षरं नाहीतच, उंटा. एकही नाही. आता तिथे जेवणाच्या काट्यासारखी चिन्हं आहेत, दात वर आहेत की खाली, डावीकडे की उजवीकडे, ते फक्त बोटाने दाखवायचं असतं. तू माझ्यासमोर बसून अक्षरं नसलेल्या भिंतीवरून क वाचलास.

तू गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्याच खुर्चीत बसून रडलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि वहिनी हे पत्र तुला वाचून दाखवत असतील तर त्यांनाही आता कळलं. वहिनी, मला माहीत आहे तुम्हीच वाचताय. याची पत्रं बऱ्याच दिवसांपासून तुम्हीच वाचता. आवाज बदलू नका, तसंच पुढे वाचा. तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं, हेही मला माहीत आहे. वखारीत तो लाकूड हाताने ओळखतो म्हणून तिथे कुणाला कळलं नाही. घरात तुम्ही ताट त्याच्या हाताशी नेमकं ठेवता म्हणून पाहुण्यांना कळलं नाही. लॉजमध्ये त्याला सगळं पाठ म्हणून आम्हाला कळलं नाही. किती जणांनी मिळून याचा ताठपणा उचलून धरला आहे बघा.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पिकलेला आहे. काढता येतो, नीट दिसायला लागेल. मोतीबिंदू धरतो आहे, असं मी तुला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं तेव्हा तू विषय बदलून माझ्या छपराच्या वाशांबद्दल बोलायला लागलास.

तुझ्या डोळ्यांचा आणि लॉजच्या त्या प्रकरणाचा काही संबंध आहे, असं मी कुठे म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही. सभेत विचारलंस तरी नाही, काढून टाकलंस तरी नाही. एक चष्मेवाला आपल्या मित्राला सांगतो आहे, की डोळे दाखवून ये. बस, एवढंच.

भिंग

१४ मार्च, सकाळी

उंटा,

आज सभा आहे.

तुझा निरोप मिळाला. सेक्रेटरीच्या अक्षरात, तुझ्या शब्दांत: "माझे डोळे ठीक आहेत. तुझी दया मला नको. सभेला ये." दया? दया मी करत नाही, बाबा. मला ती जमतच नाही. दया आली असती तर जेवणाच्या टेबलावरच "पांढरी" म्हणून मोकळा झालो असतो आणि तुझ्या वागण्यावर पांघरूण घातलं असतं. मला तुझा राग आला आहे, आणि तो राग मी जपून ठेवला आहे, कारण तो गेला तर मला तुझी काळजी वाटायला लागेल आणि मग माझ्या हातून काही होणार नाही.

तुझा मुलगा काल दुकानात आला होता. मला वाटलं भांडायला आला. तो त्या समोरच्या दिव्यांच्या उजेडात उभा राहिला, टोपी हातात, आणि म्हणाला, "काका, मला लॉजमध्ये यायचं नव्हतंच. बाबांना हवं होतं म्हणून नाव दिलं. तुम्ही फक्त पांढरी म्हणा. खरं असो, खोटं असो. बाबा घरात कुणाशी बोलत नाहीत."

मी विचारलं, "मी काळी टाकली असं तुला वाटतं?"

"टाकली असेल तरी मला राग नाही," तो म्हणाला. "दिव्यांचं मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

मी त्याला बसवलं. गुणी आहे पोरगा, तुझ्यासारखा नाही. त्याला सांगितलं, की मी पांढरी म्हणालो तर तुझ्या बाबांना वाटेल, दबाव आणला की माणसं तोंड उघडतात, आणि यापुढे त्या पेटीत कुणाचाही हात एकटा राहणार नाही. आणि मी पांढरी म्हणालो की बाकी सगळे एकमेकांकडे संशयाने बघायला लागतील. आत्ता निदान सगळ्यांचा संशय एकाच जागी आहे, माझ्यावर. मी तो पेलू शकतो. माझी मान तुझ्या बाबांइतकी लांब नाही, पण जाड आहे.

"मग तुम्हाला काढतील," तो म्हणाला.

काढा. मला किती वाईट वाटेल ते तुला सांगू का, उंटा? महिन्यातल्या त्या एका संध्याकाळीच मी चष्मेवाला नसतो. तिथे मला कुणी भाव विचारत नाही, कुणी घासाघीस करत नाही. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा घरच्यांच्या आधी तुम्ही सगळे आला होतात, दातवाला आपली खुर्ची-बिर्ची सोडून, बेकरीवाला अंगावरच्या पिठासकट. ते सगळं आज जाईल आणि मी घरी येऊन बायकोशी पत्ते खेळेन, जे ती नेहमी जिंकते. तरी सांगणार नाही.

ॲप्रन धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे. तो घालून येईन आणि तो माझ्या अंगावरून तुलाच उतरवावा लागेल, स्वतःच्या हातांनी. गाठ मागे आहे. सापडली पाहिजे तुला.

भिंग

२१ मार्च

उंटा,

ऑपरेशन नीट झालं, वहिनींचा फोन आला. दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात. डोळ्यावर पट्टी आहे, हलायचं नाही, वाकायचं नाही, चिडायचं नाही. तिसरं तुला जमणार नाही म्हणून हे पत्र जपून लिहितो. वहिनी, लॉजच्या आतल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात, तेव्हा तुम्ही हे वाचा आणि ऐकू नका.

त्या संध्याकाळी तू काय केलंस ते तुला ठाऊक आहे. पण बाकीच्यांनी काय केलं ते तुला दिसलं नाही, आणि ते कुणीतरी तुला सांगितलं पाहिजे. ते काम माझं.

मी आलो तेव्हा दाराशी बेकरीवाला तलवार घेऊन उभा होता. नियमाप्रमाणे त्याने विचारलं, कोण आहे. मी नाव सांगितलं. त्याने तलवार बाजूला घेतली, पण जागचा हलला नाही. मग म्हणाला, "तुम्ही आत गेलात की मी दार लावतो. तुम्ही बाहेर आलात की मी तलवार ठेवून घरी जाणार. कायमचा." मला तोवर वाटत होतं, की मी एकटा आहे.

आत सगळे बाकांवर बसले होते आणि मेणबत्त्या लावल्या होत्या. तू माझं नाव घेतलंस. मी उभा राहिलो, ॲप्रनचा बंद चाचपला. तू मला काही विचारलंच नाहीस. दातवाल्याला म्हणालास, पेटीतली एक गोळी माझ्या तळहातावर ठेव, कुठलीही. त्याने ठेवली. तू ती मेणबत्तीपाशी नेलीस, इतकी जवळ की भुवई जळेल असं वाटलं, आणि म्हणालास, "पांढरी."

दातवाल्याने तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रोज लोकांची तोंडं उघडतो तो, पण स्वतःचं उघडायला त्याला वेळ लागला. "काळी आहे, मास्टर."

"एवढंच दाखवायचं होतं," तू म्हणालास. "त्या दिवशी मी काय टाकलं ते मी सांगणार नाही. सांगायचं नसतं. मी विचारलं, ती माझी चूक. यापुढे भिंगाला कुणी काही विचारायचं नाही. नोटीस मी मागे घेतो."

तुला दिसलं नाही, पण सेक्रेटरीने त्याच क्षणी ती एका काडीची फ्रेम काढली आणि हातात धरून बसला. तुझ्याकडे चष्म्यातून स्वच्छ बघायची त्याला लाज वाटली असावी. दातवाला रुमालात नाक शिंकरत होता. आणि मी काय करत होतो? मी तुझ्यावर भयंकर चिडलो होतो, कारण तू तेवढ्यावर थांबला नाहीस. गळ्यातली मास्टरची निळी पट्टी काढलीस, टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "ज्याला काळं-पांढरं कळत नाही त्याने या खुर्चीत बसू नये."

लगेच अध्यक्षपद, मोठेपणा, सगळं झटकून मोकळा. शेवटी तुझा ताठपणा तिथेही आलाच. चूक कबूल करायची तीही मान वर करून.

म्हणून मी उठलो. मी म्हणालो, की मास्टरला वाटलं म्हणून खुर्ची सोडता येत नाही, खुर्ची लॉजची आहे. राजीनाम्यावर मतदान होईल, पेटीने होईल. राजीनामा मंजूर असेल त्याने पांढरी टाकायची, नामंजूर असेल त्याने काळी, आणि बहुमत चालेल. तू म्हणालास, हे नियमात बसत नाही. मी म्हणालो, गेल्या महिन्यात तू जे केलंस तेही बसत नव्हतं, तेव्हा आता गप्प बस. सेक्रेटरीने फ्रेम पुन्हा कानावर अडकवली आणि म्हणाला, बसतं.

पेटी फिरली. बेकरीवाल्याला आत बोलावलं, त्यानेही टाकली. सगळ्यांनंतर तुझ्यापुढे आली, तू हात घातलास, वाटीत बराच वेळ चाचपलास आणि एक सोडलीस. तिचा आवाज ऐकला मी.

मग रिवाजाप्रमाणे पेटी आधी मास्टरनेच उघडायची. तू उघडलीस आणि तिच्यावर मान वाकवून उभा राहिलास. उंटा, तुझी मान मी इतक्या खाली कधी पाहिली नव्हती. तू पाहतच राहिलास. नियम सोडून पुढे यावं का, हे दातवाल्याला कळेना. तेव्हा मीच माझी जागा सोडून आलो, तुझ्या शेजारी उभा राहिलो आणि आत पाहिलं. तुझ्या कानाशी म्हणालो, "काळ्या."

"सगळ्या?" तू विचारलंस.

मी म्हणालो, "पट्टी गळ्यात घाल." आणि तू घातलीस, उलटी घातलीस, ती मी सरळ केली.

मुलाच्या नावाचं मतदान पुढच्या सभेत पुन्हा व्हायचं ठरलं. तो म्हणतो, बाबांना गोळ्यांचा रंग दिसेल तेव्हाच घ्या. समोरच्या दिव्यांवर त्याने आपण होऊन पडदे लावून घेतले आहेत. मी त्याला काढायला लावले, माझ्या फ्रेम त्या उजेडात बऱ्या दिसतात असं माझ्या लक्षात आलं आहे.

आता तुझ्या त्या "सगळ्या?" या प्रश्नाचं उत्तर. त्या वेळी दिलं नाही, कारण तू पट्टी गळ्यात घातली नसतीस. सगळ्या नव्हत्या. एक पांढरी होती, त्या राखाडी ढिगाच्या अगदी वर, सगळ्यांत शेवटी पडलेली. माझ्यानंतर दातवाल्याने वाकून पाहिली, सेक्रेटरीने पाहिली, पेटी धरून उभ्या असलेल्या बेकरीवाल्याने पाहिली. तुझा हात चुकला की तुझी मान आडवी आली, ते तुझं तुला माहीत. मग आम्ही सगळे जेवायला बसलो. तू टेबलाच्या टोकाला होतास, मी तुझ्या डाव्या हाताला. जेवण लांबलं, गप्पा झाल्या, दातवाल्याने तोच तो जुना विनोद सांगितला, आणि ती पांढरी कुणाची, हे एकानेही विचारलं नाही.

तुझा,
भिंग